उत्तरेची भेग

२ फेब्रुवारी, सोमवार

आज बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या नोंदवह्या मागितल्या.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी नेहमीप्रमाणे गोल जिन्याने वाचनकक्षाच्या गॅलरीत गेले. घुमट जिथे भिंतीवर टेकतो तिथे चार दिशांना चार भेगा आहेत, केसापेक्षा जरा जाड. प्रत्येकीवर दोन पारदर्शक पट्ट्या एकमेकींवर बसवल्या आहेत. एक भेगेच्या अलीकडे चिकटवलेली, दुसरी पलीकडे. खालचीवर मिलिमीटरच्या रेघा, वरचीवर लाल फुली. भेग हलली की फुली सरकते. फुली कुठे आहे ते वाचायचं, थर्मामीटर वाचायचा, वहीत लिहायचं आणि खाली येऊन दरवाजे उघडायचे. या इमारतीची देखरेख माझ्याकडे आहे. गळणारे नळ, अडकणाऱ्या खिडक्या, करकरणाऱ्या खुर्च्या आणि सोमवारच्या भेगा.

उत्तरेची पट्टी वाचत होते तेवढ्यात मागे जाड बुटांचा आवाज आला. इमारत तपासायला नव्याने आलेल्या इंजिनिअर बाई.

"ह्या पट्ट्या कोण वाचतं?"

"मी."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं झाली."

"नोंदी पाठवता कुठे?"

"कपाटात ठेवते," मी म्हटलं. "पट्ट्या लावणारे इंजिनिअर म्हणाले होते, थांबा म्हणेपर्यंत लिहीत राहा. मग ते निवृत्त झाले. थांबा असं कोणी म्हटलंच नाही."

बाई गॅलरीच्या कठड्याला टेकून माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं आता रागावतात. पण त्या म्हणाल्या, "मला ते सगळं हवंय."

वीस मार्चला बैठक आहे. भेगा झोपलेल्या असतील तर बुजवून घुमट रंगवायचा. जाग्या असतील तर वाचनकक्ष बंद करून भिंत उघडून बघायची. ग्रंथपाल साहेबांना रंग हवा आहे, नमुन्याचे तुकडेसुद्धा त्यांच्या टेबलावर आले आहेत. बाईंना आकडे कॉम्प्युटरवर हवेत आणि त्यांच्याकडे ते भरायला माणूस नाही. मी म्हटलं, मी करते. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाच कळलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तुला मोबाइलचा गजर बंद करता येत नाही." खरं आहे.

पण वन्सं ताठ बसल्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. जन्मभर एका मोठ्या रुग्णालयाच्या आकडेवारी विभागात होत्या. जानेवारीपासून हवापालटाला म्हणून आमच्याकडे आल्यात. इथे खरं ते लिहायला हरकत नाही, मला त्यांचा जरा जाच होतो. बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात, जणू मागे कोणी जास्त महत्त्वाचं माणूस उभं आहे. सकाळचा पेपर मी मोठ्याने वाचून दाखवायचा. औषधाच्या बाटलीवरचं मी वाचायचं. मी काय ह्यांची सेक्रेटरी आहे का?

तर वन्सं म्हणाल्या, "माझा लॅपटॉप काढ. मी शिकवते."

त्यात एक एडिटर आहे. एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहायचा कागद, शोभेचं काही नाही. त्या कागदातच नोटबुक उघडतं. एकाखाली एक चौकटी. चौकटीत सूचना लिहायची, शिफ्ट धरून एंटर दाबायचं, की चौकट तिथल्या तिथे, आपल्या पायाशी, उत्तर ठेवते. पुढची चौकट मागच्या चौकटीत झालेलं लक्षात ठेवते. 

"काहीतरी विचार त्याला," वन्सं म्हणाल्या.

मी लिहिलं, बावीस गुणिले बावन्न. दाबलं. खाली आलं ११४४.

इतके सोमवार. इतक्या वेळा तो जिना. कोणी मला कधी ते असं मोजून समोर ठेवलं नव्हतं.

"काय उमटलं?" वन्सं खिडकीपाशी डोळे मिटून बसल्या होत्या.

"बघा की इकडे येऊन."

"मी बघितलं तर तू बघणार नाहीस. वाच."

की-बोर्डला त्या बोटसुद्धा लावत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताने केलं तर माझं होईल. चौकटी दोन जातींच्या असतात हेही त्यांनीच सांगितलं. एक मशीनला सूचना द्यायची, दुसरी माणसांसाठी साधा मजकूर लिहायची. प्रत्येक सूचनेच्या वर, हे का केलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. मशीनला कारण लागत नाही, माणसाला लागतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आकडे भरून झाले. दहा दिवस रोज संध्याकाळी हे आकडे वाचायचे आणि मी टाइप करायचे. हे तीस वर्षं बस चालवायचे, थांबे पुकारायचे, आवाज अजून तसाच आहे. "उत्तर शून्य पूर्णांक चार. पूर्व शून्य पूर्णांक दोन. पुढचा सोमवार." प्रत्येक आकड्यानंतर जरा थांबतात, कोणी उतरतंय की काय बघावं तसं.

वहीच्या समासात मी काय काय लिहून ठेवलंय ते मी विसरले होते. हे तेसुद्धा त्याच आवाजात वाचतात. "गुडघ्यात कळ. थर्मामीटर बदलला. दक्षिण शून्य पूर्णांक तीन." काल वाचलं, "लेक परदेशी गेली. तापमान अकरा." मग चष्मा काढून पुसत बसले.

"दक्षिण किती?" मी विचारलं.

"थांब जरा," म्हणाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे बघितलं ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

वन्संनी पाच ओळींची सूचना सांगितली, मी लिहिली. तीन वेळा चुकली. चुकली की चौकट लाल मजकुराची रांगच्या रांग ओतते. आधी घाबरायचे, आता कळलंय की शेवटची ओळ तेवढी वाचायची. चौथ्यांदा दाबलं आणि चौकटीखाली चित्र आलं.

चार रंगांच्या चार रेषा. रेषा कसल्या, लाटा. डावीकडून उजवीकडे, एकीमागून एक, बावीस लाटा.

"काय दिसतं?" वन्संनी विचारलं.

"नागमोडी रेषा."

"नीट सांग. मला काही माहीत नाही असं समज."

मी लॅपटॉपजवळ तोंड नेलं. "थंडीच्या महिन्यांत वर जाते. मग उतरते. भर उन्हाळ्यात सगळ्यात खाली. परत चढते. दरवर्षी. चारही एकदम चढतात, एकदम उतरतात. चढ-उतार सावकाश आहे, कुठे घाई नाही. झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, तशी."

वन्सं मग हळूच म्हणाल्या, "थंडीत दगड आकसतो, भेग उघडते. उन्हात फुगतो, भेग मिटते. घुमट श्वास घेतोय. वर्षाला एक."

मी बावीस वर्षं त्याच्या अंगावर हात ठेवून होते आणि मला तो श्वास कळला नव्हता. कळणार कसा? आठवड्याला एकच आकडा बघत होते. कोणी लांबलचक पत्र लिहावं आणि मला दर सोमवारी त्यातलं एकच अक्षर मिळावं, तसं. आज कोणीतरी ते पत्र सलग माझ्यापुढे धरलं. आणि ते अक्षर न् अक्षर मीच उतरवून घेतलेलं होतं.

हे स्वयंपाकघरातून आले, वाकून बघितलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

उत्तरेच्या रेषेत मध्येच एक उडी आहे. पट्टी बदलली होती ती. ते नीट करायचं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वाचनकक्षात खुर्चीचा पाय बसवायला गेले आणि वर बघत उभी राहिले. साठ-सत्तर माणसं माना खाली घालून वाचत होती. त्यांच्या डोक्यावर एवढं दगडाचं ओझं थंडीचा श्वास हळूहळू सोडत होतं. कोणाला पत्ता नाही. एका म्हाताऱ्या वाचकाने विचारलं, "वर काही आहे का?" मी म्हटलं, "घुमट आहे." त्याने पुन्हा पानात डोकं घातलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पट्टीचं काम केलं. बाराव्या वर्षी खिडकी दुरुस्त करणाऱ्याच्या शिडीचं टोक लागून उत्तरेची पट्टी फुटली होती. जुनी शेवटी १.१ दाखवत होती. नवी बसवली ती ३.६ वर बसली. हा अडीचचा फरक पट्टीचा, भेगेचा नव्हे. म्हणून त्या तारखेनंतरच्या सगळ्या आकड्यांतून अडीच वजा करायचे. वर साध्या मजकुराच्या चौकटीत कारण लिहिलं, शिडीसकट. खाली सूचना लिहिली आणि दाबलं.

काहीच उमटलं नाही. बोट नीट बसलं नसेल म्हणून पुन्हा दाबलं. तरी काही नाही. वन्सं म्हणाल्या, काही सूचना अशाच असतात, निमूट पाळल्या जातात, उलट उत्तर देत नाहीत. आमच्या घरात तसं कोणीच नसल्यामुळे मला सवय नाही.

आज वन्संनी अंगात कार्डिगन उलटा घातला होता. शिवण बाहेर. मी सांगितलं तर म्हणाल्या, "आजकाल असंच घालतात." असेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज श्वास वजा केला. म्हणजे किती थंडीला भेग किती उघडते हे मशीननेच आकड्यांवरून शोधून काढलं आणि तेवढं प्रत्येक आकड्यातून काढून टाकलं. लाटा गेल्या. उरलं ते उन्हाथंडीमुळे नसलेलं, घुमटाचं स्वतःचं असं काही असेल तर ते.

"सांग," वन्सं म्हणाल्या.

"पूर्व, दक्षिण, पश्चिम सपाट. पाण्यासारख्या."

"आणि उत्तर?"

"उत्तर थोडी चढते, मग पट्टी बदलली तिथे खाली जाते आणि मग हळूहळू वर येऊन आपल्या जागेवर येते. शेवटी बाकीच्यांच्या बरोबरीला."

वन्संच्या कपाळावर आठी पडली. "खाली का गेली?"

मला आठवलं, त्याच सुमारास छपरावरचे जुने पत्रे काढून हलके टाकले होते. "ओझं कमी झालं, म्हणून मिटली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. पण आठी तशीच होती. मग पहिल्या वर्षाची सरासरी आणि शेवटच्या वर्षाची सरासरी मी वाचून दाखवली. उत्तर, तेव्हा ०.४, आता ०.४.

बावीस वर्षांत तिळभरही हलली नाही. मला एकदम रडू आलं. एवढा मोठा जीव आणि एवढा स्थिर.

३ मार्च, मंगळवार

इंजिनिअर बाईंना छापलेली पानं दिली. त्या दुसऱ्या कुठल्या पुलाच्या गडबडीत होत्या. शेवटचा तक्ता बघितला, म्हणाल्या, "म्हणजे झोपलेल्या." मी म्हटलं, "गाढ." त्यांनी माझ्याशी हात मिळवला. ग्रंथपाल साहेबांनी बैठकीचीही वाट न बघता रंगाऱ्याला सोळा तारखेला यायला सांगितलं आणि मला चहाला बोलावलं. बावीस वर्षांत पहिलाच चहा.

९ मार्च, सोमवार

सकाळी उत्तरेची पट्टी ५.४. सहज म्हणून वही मागे उलटली. गेल्या वर्षी याच आठवड्यात, याच तापमानाला, ५.०. त्याच्या आदल्या वर्षी ४.७. माझ्याच अक्षरात. पट्टी तीच आहे, कोणी बदललेली नाही. मग हे काय? मला अडीचही वजा करावे लागले नाहीत, ऊनही नाही. वहीतले, वेगवेगळ्या वर्षांचे नुसते आकडे होते.

घरी आले ती चप्पल न काढता लॅपटॉपपाशी बसले. मधल्या काळात तो बंद झाला होता. नोटबुक उघडलं तर चौकटी सगळ्या होत्या, माझे शब्द होते, पण मशीनला काहीच आठवत नव्हतं. वर एक बटण आहे, सगळ्या चौकटी पहिल्यापासून ओळीने चालवायचं. ते दाबलं.

चित्रं एकामागून एक खाली येत गेली. शेवटचं आलं तशी मी लॅपटॉप जवळ ओढला.

तीन रेषा सपाट. चौथी वर चालली होती. कुठे खाली जात नाही, उडी मारत नाही. इतकी हळू चढते की आधी पहिली दहा वर्षं नुसती वाकडी वाटते. मग जराशी जास्त. आणि शेवटची तीन वर्षं मान वर केल्यासारखी. पहिलं वर्ष ०.४, शेवटचं २.९.

मी पुन्हा सगळं चालवलं. तेच. एक अक्षर मी बदललेलं नव्हतं आणि उत्तर बदललं होतं.

भीती वाटली हे खरं. पण इथे लिहिते, त्या आधी क्षणभर दुसरंच काही वाटलं. ती रेषा सुंदर होती. एवढ्या दगडाला आपलं दुखणं सांगायला तोंड नाही, आणि तरी त्याने बावीस वर्षं न चुकता सांगितलं होतं.

वन्सं झोपायला गेल्या आहेत. उद्या विचारते.

१० मार्च, मंगळवार

सकाळी चहा ओतायच्या आधीच सांगितलं. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाईंना दिलेल्या पानांची प्रत आहे?"

आणली.

"प्रत्येक चौकटीच्या डाव्या बाजूला कंसात आकडा आहे. तो वाच. फक्त तेवढाच, वरपासून."

"तो कुठे मजकुराचा भाग आहे? मी तो कधी वाचलाच नाही."

"माहितीये. आता वाच."

मी वाचत गेले. सात, आठ, नऊ, दहा. मग पट्टीची चौकट. "बारा. तेरा. चौदा."

"अकरा कुठे गेला?"

मी पान उलटंसुलटं करून बघितलं. अकरा कुठेच नव्हता.

"मशीन प्रत्येक वेळी चालवलं की पुढचा आकडा टाकतं," वन्सं म्हणाल्या. "तीच चौकट दोनदा चालवली तर जुना आकडा पुसून नवा येतो. अकरा त्या चौकटीचाच होता. तू ती दोनदा चालवलीस. अडीच दोनदा वजा झाले, पाच. कागदावर एकदाच दिसतं, पण मशीनच्या मनात दोनदा. काल ते सगळं विसरून पहिल्यापासून करायला लागलं तेव्हा एकदाच झालं."

मला तो दिवस आठवला. काही उमटलं नाही म्हणून मी पुन्हा दाबलं होतं.

"तुम्ही नुसतं येऊन एकदा बघितलं असतं," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "ते चित्र बघून तुम्हाला एका क्षणात कळलं असतं. मी काय, मला वाटलं पत्रे बदलले म्हणून. खिडकीपाशी बसून नुसतं वाच, वाच. उठून चार पावलं आला असतात तर काय झालं असतं?"

"आले असते तरी दिसलं नसतं."

मला समजलं नाही.

"मधोमध धुकं आहे गं. दोन्ही डोळ्यांत. वर्ष झालं. कडेचं दिसतं, म्हणून चालते फिरते. नेमकं जिथे बघावं तेच जातं. तुझा कान दिसतो मला. तुझं तोंड मी ह्या घरात आल्यापासून बघितलेलं नाही."

चहा गार झाला. मला पेपर आठवला, औषधाची बाटली आठवली, कार्डिगन आठवला. मी कुठल्या कुठल्या दिवशी मनात काय काय म्हटलं ते सगळं आठवलं. ह्या वहीतच आहे ते.

"मला का नाही सांगितलंत?"

"पस्तीस वर्षं लोक आकडे घेऊन माझ्याकडे यायचे. मग एक दिवस मला ते दिसेनात. वाटलं, निदान तुझ्यापुरती तरी अजून कामाची राहावी." मग त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी आंधळी आहे हे सांगितलं असतं तर तू मला कंसातले आकडेसुद्धा वाचून दाखवले असतेस. तू वाचलं नाहीस कारण तुला वाटलं मला दिसतंय."

"दोनदा मी दाबलं, वन्सं."

"बरं. मग निम्मी निम्मी."

त्यानंतर आम्ही दोघींनी गार चहाच प्यायला. हे आत आले, आमच्याकडे बघितलं आणि पेपर घेऊन आल्यापावली बाहेर गेले. थोड्या वेळाने बाहेरून त्यांचा आवाज आला. पेपर मोठ्याने वाचत होते. बसमधल्या आवाजात, मथळ्यापासून. ह्यांना कधीपासून माहीत होतं ते मी विचारणार नाही.

११ मार्च, बुधवार

इंजिनिअर बाईंच्या ऑफिसात गेले. दाराबाहेर दोनदा मागे फिरले. शेवटी आत जाऊन, बसायच्या आधीच म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. उत्तरेची भेग जागी आहे."

सगळं सांगितलं. दोनदा दाबलं ते, पत्र्यांचं कारण मीच जोडलं ते. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला, मशीनला सगळं विसरायला लावलं आणि स्वतः पहिल्यापासून चालवलं. मजकुराच्या चौकटी वाचल्या. शिडीची गोष्टसुद्धा वाचली. रेषा आली. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

मग माझी छापील पानं काढून त्यांनी जुनं चित्र बघितलं. "यात तर भेग शून्याच्या खाली गेलीय. उणे एक पूर्णांक चार. म्हणजे काय, भिंत भिंतीत घुसली होती?" त्या हसल्या नाहीत. "हे माझ्या हातात होतं आठ दिवस. मी फक्त शेवटचा तक्ता बघितला. तुम्ही आला नसता तर सोमवारी रंग लागला असता. भेग बुजली असती आणि पट्ट्याही उतरल्या असत्या."

"नोकरी जाईल का माझी?" मी विचारलं.

"तुमच्याशिवाय मला हे वाचून कोण दाखवणार?" म्हणाल्या आणि फोन उचलला.

दुपारी तीन वाजता वाचनकक्ष रिकामा केला. लोक कुरकुरत पुस्तकं उचलून निघाले. ग्रंथपाल साहेब लाल झाले होते. "आठ दिवसांत भिंत जागी झाली का?"

मी म्हटलं, "भिंत जागीच होती, साहेब. झोप मला लागली होती."

दार बंद करायच्या आधी एकटी आत उभी राहिले. माणसं नसताना तो घुमट दुप्पट मोठा वाटतो. उत्तरेच्या बाजूखाली सोळा खुर्च्या आहेत. मोजल्या.

१९ मार्च, गुरुवार

उद्याची बैठक आता नुसती नावाला. परांची बांधायचं काम सुरू झालं, लोखंडी नळ्यांचा दिवसभर खणखणाट.

वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गेलेलं परत येणार नाही म्हणाले. इंजेक्शनं घेतली तर आहे ते धरून ठेवता येईल. वन्सं वर्षभर गेल्याच नव्हत्या. परत येताना मी त्यांचा हात धरला. "चालता येतं मला," म्हणाल्या, पण हात सोडवून घेतला नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आज भिंत उघडली.

इंजिनिअर बाईंनी मला वर बोलावलं होतं. गवंड्याने उत्तरेच्या भेगेभोवतीचा गिलावा काढला, मग दोन दगड सैल करून बाजूला घेतले. आत लोखंड होतं. घुमटाच्या पायथ्याशी सगळीकडून फिरणारं कडं, पिंपाला असतं तसं. घुमट बाहेर फाकू नये म्हणून बांधणाऱ्यांनी दगडात पुरलेलं. शंभरेक वर्षांत ते कोणी बघितलं नव्हतं. कुठल्याच नकाशात नव्हतं. मी दर सोमवारी त्यापासून वीतभर अंतरावर उभी राहत होते.

उत्तरेला छपराचं पन्हळ कधीपासून आत पाझरत होतं. तिथे लोखंड गंजून पापुद्र्यांचं झालं होतं. आणि ते तुटलेलं होतं. दोन टोकं, मध्ये फट. गवंड्याने दिवा आत धरला.

बाईंनी खिशातून मोजपट्टी काढून फटीत धरली. मला म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. अडीच मिलिमीटरला जरा कमी.

दुपारी तुटलेला तुकडा कापून खाली आणला आणि वाचनाच्या मोठ्या टेबलावर पोत्यावर ठेवला. नवं कडं बसवेपर्यंत घुमटाला खालून लाकडी टेकू दिलेले आहेत. बाईंची परवानगी घेऊन मी वन्संना आणलं. डोक्यावर हेल्मेट, ते त्यांना मोठं होत होतं. त्यांनी तुकड्यावर बोटं फिरवली. एका टोकाला मनगटाएवढं जाड, मग निमुळतं, निमुळतं, शेवटी बोटाएवढं, आणि संपलं.

"कधी तुटलं असेल?" वन्संनी विचारलं.

"शेवटच्या तीन वर्षांत रेषा एकदम चढते ना," बाई म्हणाल्या, "तेव्हा."

"मग ही तीन वर्षं घुमट कशावर उभा होता?"

त्या गणितं करणाऱ्या, रोज असल्या गोष्टी बघणाऱ्या बाई, पण त्यांनीही वर बघितलं. "दगडाने दगडाला धरलं होतं," म्हणाल्या. "दुसरं काही नव्हतं."

तीन वर्षं. दीडशे सोमवार. रोज साठ-सत्तर माणसं खाली पानं उलटत होती, आणि वर एक दगड शेजारच्याला सोडत नव्हता.

वन्संनी मान मागे टाकली होती. हेल्मेट घसरून पाठीवर पडलं तरी त्यांनी सावरलं नाही. त्यांना तिथे काय दिसत होतं कोण जाणे, धुकं आणि कडेने थोडा उजेड.

"किती उंच आहे?" त्यांनी विचारलं. "कसा आहे? सगळं सांग, घाई करू नकोस."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि अगदी वरच्या दगडापासून सांगायला लागले.